मनगटाला मार लागला: शस्त्रक्रिया कधी, कोणती आणि किती घाईनं?

‘पडल्यावर एक्सरे नॉर्मल होता. आता तीन महिन्यांनी हाड मोडलंय असं सांगतात, हे कसं?’ ‘एका डॉक्टरांनी प्लास्टर सांगितलं, दुसऱ्यांनी प्लेट. कोणाचं ऐकायचं?’ ‘आईचं वय सत्तर आहे, ऑपरेशन झेपेल का?’ मनगटाच्या दुखापतींबद्दल वाचक विचारतात ते प्रश्न फिरून फिरून हेच असतात. बहुतेकांचं मूळही एकच आहे. हात टेकून पडल्यावर ‘मुरगळलंय, होईल बरं’ म्हणत पहिले दोन आठवडे निघून जातात. मनगटाच्या बाबतीत तेच दोन आठवडे सर्वांत मोलाचे असतात.

निदानाची घाई करा. शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायला मात्र, मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या हाती काही दिवस असतात. ते अपवाद कोणते आणि उरलेल्या दिवसांत काय तपासायचं, काय विचारायचं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

पडल्यावर पहिल्या तासात

- बांगड्या, अंगठी, कडं, घड्याळ, मनगटाचा धागा लगेच काढा. सूज चढली की अंगठी कापूनच काढावी लागते, आणि तोवर बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो.
- पुठ्ठा किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र हाताखाली ठेवून ओढणीनं सैलसर बांधा. हात झोळीत घ्या, पंजा कोपरापेक्षा उंच ठेवा.
- बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं लावा, थेट कातडीवर नको.
- मनगट वाकडं दिसत असेल किंवा जखम असेल, तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत काही खाऊ नका. शेवटचं खाणं किती वाजता झालं ते लक्षात ठेवा; भूल देणारे डॉक्टर ते विचारतातच.
- जखमेत हळद, चहापूड, मलम काही भरू नका. स्वच्छ कोरड्या कापडानं झाका.

ओढून ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका, तेल लावून चोळू नका. गावोगावच्या हाडवैद्यांवर लोकांचा विश्वास आहे, तो मला ठाऊक आहे आणि त्याची टिंगल करण्याची माझी इच्छा नाही. पण मनगटात बोटाच्या पेराएवढी आठ हाडं दोन ओळींत बसलेली असतात. त्यातलं कोणतं सरकलंय, हे हातानं चाचपून कोणालाही सांगता येत नाही. मोडलेल्या मनगटावर बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या, तर आतला दाब वाढून स्नायू मरतात. अशानं पंजा कायमचा आकसलेली माणसं आम्हा हाडांच्या डॉक्टरांना आजही पाहावी लागतात.

थांबायचं नाही अशी लक्षणं

यातलं एकही दिसलं, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. सकाळची ओपीडी उघडण्याची वाट पाहू नका. वाहन नसेल तर १०८ वर फोन करा.

- मोडलेल्या जागी जखम आहे, रक्त येतंय किंवा हाड दिसतंय. अशा उघड्या मोडीत अँटिबायोटिक जितकं लवकर सुरू होईल तितका जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.
- बोटं पांढरी, निळसर किंवा गार पडली आहेत.
- अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत चाललं आहे, मुंग्या वाढताहेत. मनगटातून जाणारी मुख्य नस दबत असल्याची ही खूण आहे.
- दुसऱ्यानं बोटं हळूच सरळ केली तरी कळ सहन होत नाही आणि हाताचा पुढचा भाग दगडासारखा घट्ट लागतो.
- मनगट उघड उघड वाकडं झालं आहे.

प्लास्टर घातल्यानंतरही ही लक्षणं येऊ शकतात. रात्री दोन वाजता बोटं बधिर झाली, तर प्लास्टर त्याच वेळी कापून सैल करायला हवं. ‘उद्या दाखवू’ हे उत्तर स्वीकारू नका.

एक्सरे ‘नॉर्मल’ असला तरी

मनगटातल्या आठ हाडांपैकी सर्वांत जास्त मोडतं ते स्कॅफॉइड. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं हे हाड तरुणांमध्ये, त्यातही दुचाकीवरून पडलेल्या, क्रिकेट-कबड्डी खेळताना हातावर आपटलेल्या मुलांमध्ये मोडतं. सूज थोडी असते, बोटं हलतात, मनगट वाकडं दिसत नाही. पहिल्या एक्सरेत ही बारीक मोड बऱ्याचदा दिसतच नाही. रुग्णाला ‘लचक’ म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं जातं आणि कथा तिथूनच बिघडते.

घरी एक खूण पाहता येते. अंगठा ताठ वर उचला. त्याच्या बुडाशी मनगटावर दोन ताठ शिरांच्या (टेंडनच्या) मध्ये एक खळगा पडतो. तिथं दाबल्यावर दुसऱ्या हाताच्या मानानं नेमकं आणि जास्त दुखत असेल, तर एक्सरे काहीही सांगो, स्कॅफॉइड मोडलं आहे असं धरूनच चाला. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा:

1. ‘स्कॅफॉइडसाठीचे वेगळे एक्सरे काढले का?’ नेहमीच्या दोन बाजूंखेरीज पंजा करंगळीकडे वळवून काढलेला एक्सरे यात लागतो.
2. ‘प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचं, की आत्ताच एमआरआय करायचा?’ दोन्ही मार्ग योग्य आहेत. रोजंदारीवर असाल, दोन आठवडे हात अडकवणं परवडत नसेल, तर लवकर केलेला एमआरआय शेवटी स्वस्त पडू शकतो. मोड आहे हे ठरल्यावर ती किती सरकली आहे, हे पाहायला सीटी स्कॅन अधिक उपयोगी.

एवढा आग्रह का, ते सांगतो. स्कॅफॉइडला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून येतं आणि उलट दिशेनं कोपराकडच्या टोकाला पोचतं. मध्ये मोड झाली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. असं हाड हळू जुळतं, कधी जुळतच नाही, कधी तो तुकडा मरतो. न जुळलेलं स्कॅफॉइड काही वर्षांत मनगटाची झीज करतं, आणि तेव्हा रुग्ण ऐन कमावत्या वयात असतो.

स्कॅफॉइड: प्लास्टर की स्क्रू?

सगळ्यांना स्क्रू लागत नाही. हाडाच्या कमरेतली मोड न सरकलेली किंवा जेमतेम सरकलेली असेल, तर प्लास्टर हा पूर्ण प्रतिष्ठेचा उपचार आहे. ब्रिटनमध्ये ३१ रुग्णालयांतल्या ४३९ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन मिलिमीटरपर्यंत सरकलेल्या मोडीत लगेच स्क्रू घातलेले आणि आधी प्लास्टर घातलेले, अशा दोन गटांत वर्षाअखेरीस दुखणं आणि हाताचा वापर यांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. एक अट मात्र होती: प्लास्टर गटावर नीट नजर ठेवायची आणि ज्यांचं हाड जुळत नाही त्यांची शस्त्रक्रिया विनाविलंब करायची. आपल्याकडे ही अटच पाळली जात नाही. दुखणं थांबलं की माणूस सहाव्या आठवड्याला प्लास्टर स्वतःच कापतो आणि पुन्हा येत नाही. पुढच्या तपासण्यांना येणं जमणार नसेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. निर्णय त्यानं बदलू शकतो.

स्क्रूकडे झुकायचं ते असं:

- तुकडे एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकले आहेत किंवा हाड वाकलं आहे.
- मोड कोपराकडच्या टोकाला आहे, म्हणजे रक्तपुरवठा सर्वांत कमी तिथं.
- सोबत मनगट निखळलं आहे किंवा दुसरंही हाड मोडलं आहे.
- दुखापत होऊन बरेच आठवडे उलटलेत आणि हाड जुळण्याची चिन्हं नाहीत.

स्क्रू बिनडोक्याचा असतो. तो पूर्ण हाडाच्या आत बुडतो आणि दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. ऑस्ट्रेलियाचे डॉ. टिमोथी हर्बर्ट यांनी तो रुळवला, म्हणून आजही ‘हर्बर्ट स्क्रू’ हे नाव ऐकू येतं. त्रास नसेल तर तो काढावा लागत नाही. स्क्रू घातला म्हणजे हाड जुळलं, असं मात्र नव्हे. जड वजन उचलणं, गाडीला किक मारताना हँडलवर जोर देणं, खेळणं, हे सगळं हाड जुळल्याचं तपासणीत दिसल्यावरच. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांनी हाड जुळण्यात अडथळा येतो. हा काळ तरी ती सोडा.

मनगट निखळणं: चुकवू नये असं निदान

उंचावरून पडणं, दुचाकीचा जोरदार अपघात, दहीहंडीच्या थरावरून कोसळणं यात मनगटाच्या मधल्या लुनेट या हाडाभोवतीची लिगामेंट फाटतात आणि सांधा निखळतो. ही दुखापत विरळा, पण फार गंभीर. दुर्दैवानं पहिल्या तपासणीत ती बऱ्याचदा निसटते, कारण समोरून काढलेल्या एक्सरेत हाडं एकावर एक दिसतात आणि सवय नसलेल्या डोळ्यांना फारसं वावगं वाटत नाही. बाजूच्या एक्सरेत मात्र लुनेट सांडत्या चहाच्या कपासारखं तळहाताकडे कलंडलेलं दिसतं. म्हणून मोठ्या अपघातानंतर मनगट प्रचंड सुजलं असेल, बोटं पूर्ण वळत नसतील, तर ‘बाजूचा एक्सरे अगदी सरळ आला आहे का?’ हे विचाराच.

यात दोन टप्पे असतात. सांधा भूल देऊन त्याच दिवशी जागेवर बसवायचा, म्हणजे नसेवरचा दाब कमी होतो. पण बसवल्यावर तो टिकत नाही, कारण बांधून ठेवणारी लिगामेंट फाटलेली असतात. म्हणून पुढच्या काही दिवसांत शस्त्रक्रिया करून लिगामेंट शिवतात, हाडं तारांनी एकमेकांना जखडतात, नस दबली असेल तर मोकळी करतात. सांधा बसतच नसेल किंवा बधिरपणा वाढत असेल, तर ही शस्त्रक्रिया तातडीची होते. तारा साधारण दोन ते तीन महिन्यांनी काढतात.

इथं खरं बोलायला हवं. उत्तम शस्त्रक्रिया होऊनही असं मनगट पहिल्यासारखं वाकत नाही, पकड थोडी कमी राहते आणि पुढे झीज दिसू शकते. पण निदान दीड-दोन महिने लांबलं, तर सांधा मूळ जागी आणणंच कठीण होतं आणि मग काही हाडं काढून टाकणं किंवा सांधा गोठवणं असे पर्याय उरतात. शक्य असेल तर ही शस्त्रक्रिया हाताच्या शस्त्रक्रियांचा नियमित अनुभव असलेल्या सर्जनकडे करून घ्या. सांधा एकदा बसवला गेला आणि बोटांचं रक्त-संवेदन ठीक असेल, तर जिल्ह्याच्या गावाहून मोठ्या शहरात जाण्याइतका वेळ तुमच्याकडे असतो.

रेडियसचं टोक मोडणं: सर्वांत जास्त वाद इथंच

मनगटाजवळ रेडियसचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, टोक मोडणं ही सर्वांत नेहमीची दुखापत. बाथरूममध्ये घसरलेल्या आजी आणि गाडीवरून पडलेला नातू, दोघांनाही ती होते, पण उपचार सारखे असतीलच असं नाही. प्लेटचा प्रसार इतका झाला आहे, की प्लास्टर सुचवणारा डॉक्टर मागासलेला वाटू लागतो. पुरावा तसं सांगत नाही. हाड ओढून नीट बसत असेल, तर तारा आणि प्लेट यांचे परिणाम वर्षाअखेरीस सारखेच, असं ब्रिटनमधल्या २०१४ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. २०२२ मध्ये तिथंच तारा आणि साधं प्लास्टर यांची तुलना झाली. वर्षाअखेरीस हात सारखेच चालत होते, मात्र प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे आठांत एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

तुमच्यासाठी याचा अर्थ:

- हाड भूल देऊन नीट बसलं असेल, तर प्लास्टर हा रास्त पर्याय आहे. पण एका आणि दोन आठवड्यांनी एक्सरे काढलाच पाहिजे. सरकलेलं हाड तेव्हा सहज सुधारता येतं. तीन आठवड्यांनंतर ते वाकडं जुळू लागतं आणि पुढे हाड कापून सरळ करण्याची पाळी येते.
- मोड सांध्याच्या आत जाऊन पृष्ठभाग खालीवर झाला असेल, तुकडा तळहाताच्या बाजूला घसरला असेल, किंवा हाड ओढून बसतच नसेल, तर प्लेटचा फायदा खरा आहे.
- पासष्टच्या पुढच्या व्यक्तींमध्ये हाड थोडं वाकडं जुळलं तरी रोजची कामं बहुधा चांगली होतात. सत्तरीच्या आईचं मनगट एक्सरेत सुंदर दिसावं, यासाठी शस्त्रक्रिया नको. ती एकटी राहते का, काठी किंवा वॉकर धरते का, स्वतःचा स्वयंपाक करते का, हे डॉक्टरांना सांगा. निर्णय त्यावर व्हावा.
- पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर हाडांची घनता तपासून घ्या. पुढची मोड खुब्याची असू शकते.
- मुलांची हाडं वाढती असतात, थोडा वाकडेपणा आपोआप सुधारतो. पण वाढीच्या थराजवळची मोड आठवडा उलटल्यावर पुन्हा ओढू नये. मुलांना पहिल्या दिवसांतच दाखवा.

प्लेटचे तोटेही विचारून घ्या: स्क्रू सांध्यात घुसणं, प्लेटला घासून बोटांच्या शिरा तुटणं, नसेला त्रास. हाड जुळल्यावर प्लेट काढायलाच हवी असं नाही. ती टोचत असेल किंवा शिरा घासत असतील तरच काढतात.

शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे

निम्मं यश तुमच्या बोटांत आहे. पहिल्या दिवसापासून सगळी बोटं पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, तासातासाला. कोपर आणि खांदाही हलवा. झोपताना हात उशीवर. हात गळ्यात अडकवून महिनाभर निपचित ठेवणाऱ्या माणसाचं हाड जुळतं, पण बोटं आखडतात. ती सोडवायला हाड जुळण्यापेक्षा जास्त काळ लागतो.

जखमेच्या मानानं न शोभणारी जळजळ, हात चकचकीत लाल, घाम, हलका स्पर्शही नकोसा: हे दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. ताप, तारेभोवती पू किंवा वास हेही तसंच. काही आठवड्यांनी अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाला, तर त्याची शीर तुटलेली असू शकते. साध्या प्लास्टरवाल्या, न सरकलेल्या मोडीतही हे होतं. प्लास्टर असताना दुचाकी चालवू नका.

सही करण्याआधी विचारा

- कोणतं हाड, कुठं मोडलं, किती सरकलं? एक्सरेवर दाखवाल का?
- शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? प्लास्टर चालण्यासारखं आहे का?
- थांबायला किती दिवस आहेत?
- फक्त हाताची भूल चालेल का? बहुतेक वेळा चालते.
- मोडीत भरण्यासाठी कमरेतून हाडाचा तुकडा घ्यावा लागेल का?
- तारा बाहेर राहतील का, कधी काढतील, त्याचा खर्च वेगळा का?
- मी अमुक काम करतो. कामावर केव्हा परतेन?

संमतीपत्र तुम्हाला समजेल त्या भाषेत समजावून घ्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं, की एका शस्त्रक्रियेची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. जीव वाचवण्याची निकड हाच अपवाद. म्हणून कमरेतून हाड घेणं, नस मोकळी करणं यांची शक्यता असेल तर ती कागदावर असू द्या. कोरी जागा ठेवलेल्या फॉर्मवर सही करू नका. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. चांगला डॉक्टर त्यानं दुखावत नाही. एक्सरेची फिल्म किंवा सीडी तुमची. बाकीच्या नोंदी लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असा २००२ चा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे.

पैसे, योजना, भरपाई

हृदयातल्या स्टेंटला आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याला सरकारनं कमाल किंमत ठरवून दिली आहे. मनगटाच्या प्लेट-स्क्रूला तशी मर्यादा नाही, त्यामुळे बिलात मोठी तफावत पडते. प्लेट कोणत्या कंपनीची, स्टीलची की टायटॅनियमची, स्क्रू किती आणि एकूण अंदाज किती, हे लेखी घ्या. महाग म्हणजे तुमच्या मोडीला जास्त चांगली, असं गृहीत धरू नका. वापरलेल्या इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर लावून घ्या; विम्याला आणि पुढे प्लेट काढताना ते लागतात.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: महाराष्ट्रात २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता रहिवासी कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. तुमच्या दुखापतीचं पॅकेज तिथं आहे का, हे दाखल होण्याआधी त्यालाच विचारा. रेशनकार्ड आणि ओळखपत्र सोबत ठेवा.
- रस्ते अपघात: मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्यांसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे: नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. पोलिसांची नोंद होते, पण तातडीचा उपचार त्यासाठी थांबवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं हे बजावलं आहे.
- मेडिक्लेम: विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे मोफत जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत.
- कामावर झालेली दुखापत: त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा आणि अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्या. ईएसआयमध्ये असाल तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दरानं भत्ता मिळतो. ईएसआय नसेल तर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत भरपाईची तरतूद आहे; नोव्हेंबर २०२५ मध्ये तिनं १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याची जागा घेतली. बांधकामावरच्या मजुरांना ही नोंद न करण्यासाठी ‘औषधपाणी आम्ही बघतो’ असं सांगितलं जातं. औषधपाणी जरूर घ्या, पण नोंद सोडू नका. मनगट कायमचं कमजोर राहिलं तर भरपाईचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.